पाचव्या अंकात एकही फरक नाही

मी वाव्हळे सरांना फसवलं होतं.

एवढी वर्षं कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.
आज सरांना जाऊन वर्ष झालं, आणि आज सांगता येतंय.

सर परभणीला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पीएचडीचा विषय म्हणजे चारशे वर्षांपूर्वी लंडनला छापलेलं एक नाटक. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.
त्याच्या दोन जुन्या छपायांच्या झेरॉक्स त्यांनी हैदराबादहून आणल्या होत्या. दोन्ही ताडून एक शुद्ध प्रत करायची, तीही कंप्युटरवर.

स्टाफरूममध्ये लोक हसायचे.
"इंग्रजांचं नाटक परभणीत बसून दुरुस्त करणार का सर?"
"हो. पोस्टानं पाठवतो."

ही त्यांची दुसरी खेप होती. पहिली सगळी हातानं लिहिलेली. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जाळलं, त्यात ती वहीही गेली.

म्हणून फ्लॉपी.
"पाच फ्लॉप्या करायच्या आन् पाच घरी ठेवायच्या. किती घरं जाळतेत बघू."

हट्ट असा की विद्यापीठाचं नाव बदलल्याशिवाय डिग्री घ्यायची नाही. सोळा वर्षं थांबले. चौऱ्याण्णवला नाव बदललं, सरांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कंप्युटर क्लासात हजर. आता त्यांना दम निघत नव्हता.

मी आणि सुनंदा तिथं नव्यानेच टायपिंगला लागलो होतो.

"तुमी दोघींनी एकाच छपाईवरून तेच नाटक वेगवेगळं टाइप करायचं. एकमेकीचं बघायचं न्हाई. दोघींच्या चुका वेगळ्या ठिकाणी होतील. मशीन दोन्ही फाइली ताडून फरक दाखवतं. फरक दिसला की मूळ पान उघडायचं."
"आणि सर, दोघींची चूक एकाच जागी झाली तर?"
"तेवढीच भीती हाय बघ."

चार अंक मी नीट केले. स्पेलिंगं अशी की डोळे गरगरायचे, पण केले.

मग मानवतला मावसबहिणीचं लग्न निघालं. एका दिवसासाठी गेले आणि चांगले पाच दिवस राहिले. मस्त नाचले.
परत आले, तर उद्या सर फाइल घ्यायला येणार.

सुनंदा डबा खायला गेली. मी तिच्या फ्लॉपीवरचा पाचवा अंक माझ्या फ्लॉपीवर कॉपी केला. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सरांनी फाइली ताडल्या.
पहिल्या चार अंकांत स्क्रीन फरकांनी भरून गेली.
पाचव्यात एकही फरक नाही.

माझ्या अकलेला एवढंही सुचलं नव्हतं की चार चुका मुद्दाम घालाव्यात!

सरांनी पाचवा अंक पुन्हा एकदा ताडून बघितला. मग म्हणाले, "बरं संगीता. लग्नाहून आलीस, दमली असशील. जा घरी."

मला वाटलं, सुटले.
सुटले कसली! सरांना डिग्री मिळाली, तेव्हा हातातला पेढा मी सुनंदाला देऊन टाकला. त्यांची पहिली प्रत कुणीतरी जाळली, आणि दुसरी मी बिघडवली, हे डोक्यातून जाईना.
त्यांचा प्रबंध मी कधी उघडून पाहिला नाही. हिंमतच झाली नाही.

वर पाच फ्लॉप्या करायला सरांनी मलाच बसवलं. पाचवी माझ्याच हातात ठेवली.
"पाचवं घर तुझं."
मला धरणी दुभंगावी असं झालं.

आज सकाळी सरांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. लोक पांगल्यावर सरांच्या पत्नीपाशी, आमच्या काकूंपाशी बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

काकू हसायलाच लागल्या.

"अगं माय, त्याईला त्याच दिशी कळलं व्हतं. घरी येऊन म्हनले, दोन मानसं टाइप करायलीत आन् एकबी फरक न्हाई, असं कुठं असतंय व्हय? मंग महिनाभर सोताच बसले टाइप करत. एका बोटानं!"

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं की, झापा पोरीला. तर म्हनले, भेदरली तर कंप्युटरच सोडून देईल. चार अंक इमानदारीनं केलेत तिनं."

काकूंनी कपाटातून प्रबंध काढून दिला. आभाराच्या पानावर सरांनी इंग्रजीत सरळ लिहिलंय:
पहिलं टंकन सुनंदाचं. दुसऱ्या टंकनातले चार अंक संगीताचे, पाचवा माझा.

ना एक शब्द जास्त, ना एक कमी.

मी ते पान तीनदा वाचलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांनी मोकळा श्वास घेतला.

आज मी स्वतः कंप्युटर क्लास चालवते. ती फ्लॉपी वाचणारं मशीन माझ्याकडंही उरलेलं नाही. पण घरी येऊन तिच्यावरची धूळ पुसली. सरांच्या अक्षरात लिहिलंय, 'घर पाचवं'.

सर, पाचवा अंक बरोबर आहे.
आणि तुमचं नाटक माझ्या घरी सुखरूप आहे.

वंदन, सर. भरल्या डोळ्यांनी, पण हसत.