भिंतीला कान लावणारे पाव्हणे

अख्ख्या संभाजीनगरात नवीन घरं लई झाली, पण नवीन घराला आमच्या पाव्हण्यांइतक्या मायेनं नावं ठेवणारा माणूस दुसरा झाला नाय. पाव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांची सारी हयात कांद्यात गेली. ढिगात हात घालून आतला नासका कांदा डोळे मिटून काढायची सवय, त्यामुळं माणसानं बांधलेल्या कुठल्याही वस्तूत एक तरी नासका असतोच, असं त्यांचं पक्कं मत. फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावून पडून राहायचं, जसं काय खाली कुणी निजलंय. भिंत हुंगायची. दार उघडून सोडून द्यायचं आणि ते आपल्या मनानं कुठं जातं ते बघत बसायचं. वास्तुशांतीला बोलावलं की हे जेवणाआधी स्वयंपाकघरात. बायका दूध उतू घालवतात तेव्हा सगळ्यांचं ध्यान पातेल्याकडं, यांचं ओट्यावर. दूध वाहत कुठल्या अंगाला जातं त्यावरून ओट्याचा उतार कळतो म्हणे. एकदा शहागंजातल्या एका कापडवाल्याच्या नव्या घरात दूध सरळ भिंतीकडं गेलं. पाव्हण्यांनी असं काही तोंड केलं की कापडवाल्याच्या आईला वाटलं अपशकुन झाला, ती रडायलाच लागली. पाव्हणे म्हणाले, "मावशी, देव रागावला नाय. गवंडी झोपला होता."

पण या माणसाला बिनकामाचं कुणाच्या दारात जाताच यायचं नाय, सख्ख्या बहिणीच्या सुद्धा. आईबाप गेलेले, माहेर म्हणून हिला तेवढं एकच माणूस उरलेलं. ही वर्षभर वाट बघायची. भाऊबीजेला यायचे, ओवाळून घ्यायचे आणि चहा निवायच्या आत उठायचे. मग ही जिन्यात उभी राहून त्यांची पाठ बघायची.

दुष्काळाची वर्षं होती. रानात जवारी उगवायची बंद झाली आणि तिथंच बिल्डिंगी उगवायला लागल्या. दौलताबादच्या रस्त्याला आम्हीपण एक फ्लॅट घेतला. दुपारी त्याच्या खिडकीतून किल्ल्याचा डोंगर उन्हात तरंगल्यावानी दिसायचा. चावी घ्यायच्या आधी घर तपासायला पाव्हण्यांना सांगावा धाडला. हे काम होतं, म्हणून पहिल्या एसटीनं आले. न्हाणीचा उतार जाळीकडं नाय, दाराकडं निघाला. गॅलरीचं दार चौकटीत बसंना. खिडकीखाली भिंतीला बारीक चीर. बिल्डरचा सुपरवायझर प्रत्येक गोष्टीला होऊन जाईल म्हणायचा. शेवटी पाव्हण्यांनी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खाली त्याची बोटं दाबली. यार्डात पूर्वी असेच भाव ठरायचे, वरून बघणाऱ्याला काही कळू नये म्हणून. इथं बोटं म्हणजे दुरुस्तीचे दिवस. सुपरवायझर बिचारा परमुलखाचा, म्हातारा हात का दाबतोय ते त्याला कळंना, घाबरून त्यानं मान हलवली. पाव्हणे म्हणाले सौदा झाला, घ्या चावी. आम्ही घेतली. त्या सौद्याची बिल्डरच्या हापिसात कुणाला खबर नव्हती.

ठरलेले दिवस उलटले तरी दुरुस्तीला कुणी फिरकलं नाय, मग पाव्हणेच दर रविवारी तपासायला यायला लागले. पाऊसच नाय, त्यामुळं कुठलं घर गळतं ते कळायची सोय नव्हती, साऱ्या भिंती शहाण्या. हे त्यांना सोसंना. खाली टँकरपुढं बायका घागरी घेऊन भांडतायत आणि वर गॅलरीत हा माणूस वैजापूरच्या बोअरचं कॅनमधलं पाणी भिंतीला पाजतोय. खालच्या काकूंनी मान वर करून विचारलं, "मामा, भिंतीला तहान लागली व्हय? आम्ही काय घोडं मारलंय?" पाव्हणे वरमले. पुढच्या रविवारपासून दोन कॅन आणायला लागले, एक भिंतीला, एक काकूंना.

ते फरशीला कान लावून आडवे, ही शेजारी मेथी निवडत बसलेली. लहानपणीची विहीर, मेलेली म्हैस, आईच्या हातची आमटी, असलं काहीबाही बोलणं दुपारभर चालायचं. मी पेंगत ऐकायचो. बिल्डरला शिव्या देता देता हिच्या भावाचा चहा कधीच निवून गेलेला असायचा.

एकदा गवंडी खरंच आला. चीर बुजवली, दार तासलं. न्हाणीकडं वळला तर हिनं त्याला चहा पाजून वाटंला लावलं. मी भडकलो. ही म्हणाली, "राहू द्या की तेवढं. ते नीट झालं तर दादा कशाला येतोय?" न्हाणीबाहेर आलेलं पाणी ती रोज सकाळी फडक्यानं पुसायची, आणि तोंडावर अशी कळा, जशी दारात रांगोळी काढतीय.

मागच्या उन्हाळ्यात ही गेली. तेराव्याला पाव्हणे आले, भिंतीला हातसुद्धा न लावता गेले. नंतर रविवार नुसते येऊन जायला लागले. पाणी मीच पुसायचो. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाय. या म्हणून बोलावणं मला कधी जमलं नाय, आणि बिनकामाचे ते येणार नव्हते. शेवटी फोन लावला आणि सांगितलं, पाव्हणं, न्हाणीतलं पाणी आता पार देव्हाऱ्यापर्यंत चाललंय.

सकाळी दारात हजर. वाळले होते. चप्पल काढली आणि थेट न्हाणीत जाऊन बादली ओतली. पाणी दाराखालून बाहेर आलं, हातभर आलं आणि नेहमीच्या जागी थांबलं. देव्हारा लांब तिकडं, कोरडा. पाव्हणे उकिडवे बसून बघत राहिले. मी दुसरीकडं बघत होतो.

"लई वाईट झालंय, दाजी," ते म्हणाले. "हे एका दिवसाचं काम नाय. दर रविवारी नजर ठेवावी लागंल."

मी फडकं आणायला उठलो तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. खिडकीतलं ऊन त्या पाण्यावर पडलं होतं आणि वर छताला त्याची लकाकी हलत होती. आम्ही दोघं म्हातारे माना वर करून ती बघत बसलो, पाणी वाळेपर्यंत.