पाठीच्या कापडाचं झबलं

"बाबा, तुम्ही आणि आई या. सावकाश या... आता घाई नाही." जावयाचा, अमोलचा, फोन सकाळी आला तेव्हा मी दवाखान्यात जायला निघालेलोच होतो. स्वातीसाठी थर्मासमध्ये पेज भरून झाली होती, स्कूटर रस्त्यावर काढली होती. इतके दिवस अमोल फोनवर एकच वाक्य म्हणायचा, 'लवकर या'. त्यामुळे 'घाई नाही' म्हणजे काय ते समजावून सांगायची वेळ त्याच्यावर आली नाही. मी स्कूटर पुन्हा स्टँडला लावली, आत गेलो आणि माझ्या बायकोला, सुमनला, सांगितलं. ती रडली नाही. कपाटाकडे गेली, घडी घालून ठेवलेलं झबलं काढलं आणि पिशवीत पेजेच्या थर्मासशेजारी ठेवलं.

हा लेख माझ्या नातवाबद्दल आहे. बारशाआधीच तो गेला. पेपरच्या पुरवणीतले असे लेख मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्यात गेलेल्या माणसाचं शिक्षण असतं, नोकरी असते, आवडीनिवडी असतात, शेजारी फोटो असतो. यातलं काहीच जमवायला याला सवड मिळाली नाही. पण त्याने एक काम हातात घेतलं होतं आणि शेवटपर्यंत ते सोडलं नाही. तेवढंच मला माहीत आहे, आणि तेच सांगायचं आहे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सिल्वासाजवळ मसाटला एका धाग्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत इथलाच होऊन गेलो. मुलगी पुण्याला दिली, पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून स्वाती सातव्या महिन्यात इथे आली. ती आल्यापासून सुमनचा डोळा माझ्या एका जुन्या सुती शर्टावर होता. बारशापर्यंत बाळाला नवं घालायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्याचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घालायचं, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, "अगं, मी घालतो तो अजून." तर म्हणते कशी, "खूप घातला. म्हाताऱ्या माणसाचं कापड अंगाला लागलं का त्याचं आयुष्य लागतं बाळाले." म्हातारा कोणाला म्हणतेस, यावर आमचं नेहमीसारखं वाजलं. शर्टाच्या पुढच्या बाजूला खिसा, बटणं आणि ग्रीसचे न जाणारे डाग, म्हणून तिने पाठीमागचा चौकोन कापून घेतला आणि त्याचं झबलं शिवलं. बंदसुद्धा त्याच कापडाचे. उरलेला शर्ट मी गंमत म्हणून अंगात घालून दाखवला, पुढून साहेब आणि मागून खिडकी... स्वाती पोट धरून हसली होती.

तो जन्मला तेव्हा असा रडला की बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बायांनीही आमचं अभिनंदन केलं. नर्सने त्याला कोरडं करून दुपट्यात गुंडाळून आणलं, तर सुमनचं पहिलं वाक्य, "आंघोळ नाही घातली?" नर्स इथलीच. म्हणाली, "आज नहीं, मावशी. ठंडो पडी जाशे." दोघींची जुंपणार असं दिसताच लहान मुलांची डॉक्टर मध्ये पडली. पोरगेलीशी, गुजराती, पण मराठी बरं बोलायची. तिने सांगितलं की आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, वेगळ्या प्रकारची चरबी असते. ती जळते आणि त्याला ऊब देते. आईच्या पोटातून ओल्या अंगाने गार हवेत आलेल्या जिवाची तेवढीच शिदोरी. सुमनला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने आपला तळवा त्याच्या पाठीखाली सरकवला आणि बराच वेळ काढला नाही. आमच्या घरच्या कोणाचा हात त्याला भरपूर लागला असेल तर तो तेवढाच.

संध्याकाळी त्याची नखं निळसर दिसायला लागली. मग ओठ. त्याला काचेपलीकडच्या खोलीत नेलं, नाकातोंडात नळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलं. "काका, पोटात होता तेव्हा त्याला श्वास घ्यायचाच नव्हता. प्राणवायू आईकडून यायचा. फुप्फुसात पाणी भरलेलं, म्हणून रक्त तिकडे फारसं न जाता हृदयातल्या आडवाटेने जायचं. पहिले श्वास घेतले की पाणी शोषलं जातं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, आडवाट बंद होत जाते. ह्याच्या वाहिन्या आवळलेल्याच राहिल्या आहेत. रक्त अजून जुन्या रस्त्यानेच फिरतंय."

मी म्हणालो, "म्हणजे चेंजओव्हर झाला नाही."

ती हळूच म्हणाली, "हां काका. वही."

कारखान्यात लाइट गेली की सगळा भार जनरेटरवर घ्यायचा, हेच मी जन्मभर केलं. त्या वेळी जनरेटरने दगा दिला तर मी त्याला शिव्या घालायचो, पाने आपटायचो, आणि काहीही करून तो चालू करायचो. इथे नाळ कापली गेली होती, तिकडून येणारं बंद झालं होतं, आणि त्याचं स्वतःचं यंत्र भार घेत नव्हतं. मी काचेबाहेर चपला काढून उभा. माझ्या हातात पाना नव्हता, आणि असता तरी... मला इतकी चीड जन्मात कधी आली नव्हती, आणि ती कोणावर काढायची तेही समजत नव्हतं. मोठ्या शहरात हलवायचं का, असं अमोलने विचारलं, तर डॉक्टर म्हणाली, रस्त्यात टिकणार नाही.

आता त्याच्या स्वभावाबद्दल. लोक म्हणतील, एवढ्याशा जिवाला कसला स्वभाव? होता. कपाळाला आठी घालून झोपायचा, अगदी माझ्यासारखा. त्याला मधूनच उचकी लागायची आणि त्याचा त्याला राग यायचा. उजवा कान वरून जरा दुमडलेला होता. सुई टोचली तर हात मागे घ्यायचा, पण अमोलने बोट पुढे केलं तर घट्ट पकडायचा, म्हणजे माणसं ओळखायचा. नर्स मला बाहेर येऊन सांगायची, "बहु जिद्दी छे, दादा. नळी खेचे छे." यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं, तरी तो मध्येमध्ये स्वतःचा एखादा श्वास घेऊन बघायचा. डॉक्टर ते पडद्यावर मला दाखवायची. ही रेघ यंत्राची, आणि ही मधली लहानशी, ही त्याची. मी त्या लहान रेघांसाठी सकाळ संध्याकाळ जायचो.

नाव ठेवलेलं नव्हतं. पलंगावर स्वातीच्या नावाची पट्टी आणि 'बाळ', एवढंच. सुमन म्हणाली, बारशाला आत्या कानात सांगेल, त्याआधी नको. एके दुपारी डॉक्टरने आम्हा सगळ्यांना जरा जास्तच मऊ आवाजात समजावलं, आणि स्वाती उठून आत गेली. टाके ओले होते, चालवत नव्हतं. मी काचेतून पाहिलं. ती वाकली, दुमडलेल्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आत्या नाही. नर्सने पाठ फिरवली होती. काय नाव सांगितलं ते स्वातीने कोणाला, अमोललाही, सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही. म्हणून या लेखावर नाव नाही.

त्यानंतर दोनच सकाळी गेल्या आणि तो फोन आला. नळ्या काढल्यावर पहिल्यांदा त्याचा पूर्ण चेहरा दिसला. सुमनने पिशवीतून झबलं काढलं. नर्सने त्याला ते घातलं, मागे बंद बांधले. बाह्या लांब झाल्या होत्या. काचेपलीकडे नेल्यापासून तो उघडाच होता, तिथल्या गरम दिव्याच्या उबेखाली, त्यामुळे कपडे घातलेला आम्ही त्याला तेव्हाच पाहिला.

लहान मुलाला जाळत नाहीत. राखोलीच्या बाजूला, नदीपासून जरा वर, त्याला पुरलं. मी दहाव्याचं विचारलं, तर बरोबर आलेले जाणते गृहस्थ म्हणाले, "एवढ्या लहानाचं काही करायचं नसतं." घरी आलो तर शेजारीण, "वय आहे हो अजून, दुसरं होईल." मी म्हटलं, "दुसरं म्हणजे? मोटर जळाली आहे का?" ती पुन्हा आली नाही, बरं झालं. पुण्याहून कोणीतरी म्हणालं, एवढं शहर सोडून पोरीला सिल्वासाला कशाला नेलं. डॉक्टरने सांगितलं होतं की हे कुठेही झालं असतं. मी तेही त्यांना ऐकवलं नाही. सगळ्यांत वाईट स्वातीचं होतं. तिला दूध येतच राहिलं. झालेलं तिच्या अंगाला कोणी कळवलंच नव्हतं जणू. सुमन दार लावून तिची छाती आवळून बांधायची आणि बाहेर येऊन भांडी आपटायची.

पुण्याला निघण्याआधी स्वाती मला म्हणाली, "बाबा, सगळे विसर म्हणतात. त्याचा विषयसुद्धा कोणी काढत नाही... तो होता ना?"

"होता," मी म्हणालो. "मी पाहिलाय त्याला काम करताना."

"मग कुठेतरी लिहा ना तसं."

त्याचं काही करायचं नसतं म्हणे. हे केलं.

परवा सकाळी गारठा होता. कपाटात हाताला तो शर्ट लागला. सुमन म्हणाली, "द्या तो, पुसायला होईल." दिला नाही. अंगात घातला, बटणं लावली, चहा घेऊन गॅलरीत उभा राहिलो. पुढून सगळं ठीक होतं. पाठीला मात्र, दोन खांद्यांच्या मध्ये, नेमका तिथेच वारा लागत होता. माझं कापड त्याने नेलं, आयुष्य काही नेलं नाही. ते सगळं माझ्याकडेच राहिलं आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. सुमनने मागून येऊन पाहिलं आणि आतून शाल आणली.

"राहू दे," मी म्हटलं. "लागू दे गार."