सुई कुठे जाते ते बोला

मिलिंग मशीनची हँडलं काढली त्या दिवशी हे जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. पोट कशाने बिघडलं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी ओवा पुढे केला नाही.

मिलिंग मशीनमध्ये कटर वर एका जागी गरगरत राहतो. खाली लोखंडी टेबल असतं, त्यावर जॉब आवळलेला असतो, म्हणजे ज्याला कापून आकार द्यायचा तो तुकडा. टेबल सरकवायला दोन हँडलं, एक डाव्या-उजव्या बाजूचं आणि एक आत-बाहेरचं. धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये ह्यांची उमेदीची सगळी वर्षं ती हँडलं फिरवण्यात गेली. ते वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा आम्ही जळगावला आलो, पिंप्राळ्यात बिऱ्हाड केलं आणि भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं मशीन टाकलं. ते आमच्या लग्नापेक्षा जुनं होतं, पण घर त्याच्यावरच चालायचं.

नव्वदनंतर आमच्याकडे ठिबकच्या साहित्याच्या साच्यांची कामं येऊ लागली. त्यात बाक आणि गोलाई फार. दोन हँडलं एकाच वेळी नेमकी फिरवून गोलाई आणणं हे माणसाच्या हाताचं काम नव्हे. एकेक काम नाशिकला जाऊ लागलं. कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन घेण्याची आमची ऐपत नव्हती. तेव्हा धुळ्याचे मास्तर मदतीला आले. मास्तर तंत्रनिकेतनात शिकवायचे, ह्यांची जुनी ओळख. त्यांनी मशीन ठोकून पाहिलं आणि आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "भाऊ, अंग चांगलं शे. हँडलाच्या जागी मोटारी बसवू, मोटारींना कॉम्प्युटर हुकूम देईल."

"आणि नाही चाललं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर मला शिव्या द्या. धुळ्यापर्यंत ऐकू येणार नाहीत."

मोटारी बसल्या, पट्टे बसले, कोपऱ्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यावर मी पॉलिस्टरचा पडदा शिवून घातला, कारण शेडमध्ये लोखंडाचा भुसा उडतो. कॉम्प्युटरसमोर बसायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉमर्सची, लग्नाआधी पतसंस्थेत काम केलेली, आकड्यांना भीत नाही. मास्तरांनी शिकवलं ते सोपं होतं. उजवीकडे जायचं तर अधिक, डावीकडे उणे. आत अधिक, बाहेर उणे. किती मिलिमीटर तो आकडा पुढे लिहायचा.

कटरच्या जागी पेन बांधून मास्तरांनी टेबलावर कागद चिकटवला आणि मशीनकडून मधल्या खुणेभोवती एक चौकोन काढून घेतला, मग एक गोल. दोन्ही सुरेख आले. हे आ वासून बघत राहिले. "बठ्ठं बराबर शे, वहिनी," मास्तर पिशवी उचलत म्हणाले, "आते भाऊले जेवाले वाढा." आणि धुळ्याची बस पकडायला निघून गेले.

त्यानंतर फैजपूरचं गिऱ्हाईक आलं. केळीच्या बागांना लागणारे ठिबकचे सांधे ते गृहस्थ बनवायचे. त्यांना एका सांध्याचा साचा हवा होता. सरळ अंगाचा आणि उजव्या बाजूने तिरपा वर जाणारा एक फाटा. साच्यासाठी खास पोलादाचा ठोकळा त्यांनी स्वतः आणला होता. टेबलावर ठेवताना म्हणाले, "भाऊ, हा एकच आहे. दुसरा मागवला तर हंगाम निघून जाईल. हा नीट झाला तर माझे सगळे साचे तुमच्याकडे. नाही झाला तर मग मला नाशिक आहेच." बोलणं गोड होतं, पण अर्थ सरळ होता. ह्यांची नजर भिंतीवर टांगलेल्या हँडलांकडे गेली.

रविवारी शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. ह्यांनी मास्तरांनी धुळ्याहून पाठवलेलं साच्याचं ड्रॉइंग हातात घेतलं आणि मला एकेक चाल सांगू लागले. "डावीकडे वीस. आत आठ." सांगताना डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात हवेत हँडल फिरवत असलेला. मी ऐकून कॉम्प्युटरमध्ये टाकत गेले. शेवटी सगळ्या डाव्या-उजव्या आकड्यांची बेरीज केली, मग सगळ्या आत-बाहेरच्यांची. रेघ जिथून निघते तिथेच परत यायची, तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. आल्या.

"चला, ठोकळा बांधतो," हे म्हणाले.

"आधी कागद."

"अगं, मास्तरांनी चाचणी घेतली ना?"

"त्यांनी गोल काढला. आपल्याला गोल करायचाय का?"

कुरकुरत पेन बांधलं. मशीन चालू झालं. पेन थांबलं तेव्हा आम्ही दोघं वाकलो. फाटा डावीकडे गेला होता, आणि वर जायच्या ऐवजी खाली.

ह्यांनी टेबल हाताने ढकलून पाहिलं. मग म्हणाले, "स्क्रूत ढील आहे. जुने स्क्रू, झिजलेत. मला वाटलंच होतं." ढील म्हणजे हँडल थोडं फिरावं आणि टेबल हलूच नये, असा टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूतला सैलपणा. मी कागदाकडे पाहिलं. ढील असती तर रेघेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला भिडलं नसतं. इथे ते पेनाच्या जाडीइतकंही चुकलं नव्हतं. तसं मी बोलले.

"मग कॉम्प्युटर वेडा झालाय." ह्यांनी पाना उचलला. "मी हँडलं परत बसवतो. फैजपूरला फोन करून सांग, ठोकळा घेऊन जा म्हणावं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त धास्ती वाटली. मोटारींसाठी स्क्रूची टोकं कापली होती. हँडलं पूर्वीसारखी बसणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. हातचं गेलेलं आणि नवं आलेलं नाही, असं ते मशीन आमच्यामध्ये उभं होतं.

मी कागद घेऊन दाराशी उजेडात गेले. मास्तरांनी ड्रॉइंग पातळ कागदावर, खऱ्या मापाचं काढलं होतं. ते वर ठेवलं. जुळेना. खालचा कागद हातात जरा फिरला, तसा मी तो तसाच फिरवत नेला, अर्ध्या फेऱ्याइतका, वरची बाजू खाली येईपर्यंत. रेघेवर रेघ बसली. फाटा फाट्यावर, बाक बाकावर.

"अहो, पाना ठेवा."

"काय?"

"मशीन शहाणं आहे. उलटे आपण आहोत."

ते आले, कागद धरून बघितला, पुन्हा बघितला. "मी डावीकडे म्हणालो तेव्हा तू काय टाकलंस?"

"डावीकडेच."

"मग चुकलं कुठे?"

"कोण डावीकडे?"

"कोण म्हणजे? टेबल! दुसरं कोण हलतं इथे?"

तिथे मला माझं शिलाई मशीन आठवलं. सुई जागच्या जागी वरखाली करते, सरकतं ते कापड. कापड पलीकडे जातं आणि टाक्यांची ओळ माझ्याकडे येत जाते. मास्तरांचे अधिक-उणे सुईचे होते, कटर जॉबवरून कुठे जातो त्याचे. हे बोलत होते कापडाची भाषा. आयुष्यभर त्यांनी टेबलच सरकवलं, मग डावीकडे म्हणताना दुसरं काय डोळ्यांपुढे येणार? टेबल डावीकडे गेलं की कटर जॉबवर उजवीकडे जातो. म्हणून प्रत्येक चिन्ह उलटं पडलं, आणि सगळीच उलटी पडल्यामुळे बेरीज शून्यच राहिली. चौकोन आणि गोल तर अर्धा फेरा फिरवले तरी तसेच दिसणार. त्यांच्यावरून काय कळणार होतं?

एवढं मी सांगितलं तेव्हा हे आधी गंभीर होते. मग त्यांनी हवेत हँडल फिरवून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, आणि हसू लागले. हसता हसता लोखंडी स्टुलावर बसले. "म्हणजे मी जन्मभर कापडच सरकवत होतो म्हण की."

"मी तरी दुसरं काय केलं?"

प्रत्येक चिन्ह बदललं, नवा कागद लावला. फाटा उजवीकडे, तिरपा वर. तरीसुद्धा मी तो ड्रॉइंगखाली धरून पाहिला आणि मगच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळा बांधला. कटर पोलादाला लागला तेव्हा ह्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, तिथे काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते मागे बांधून घेतले. एकेक थर कापत खोबण उतरत गेली. मशीन थांबल्यावर भुसा ब्रशने झाडला, व्हर्निअर लावलं, माप माझ्या कानाशी पुटपुटले. बरोबर होतं. मग खिशातला पाना काढून खणात ठेवला आणि म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"कळण्याची भाकरी आणि ठेचा. दुपारसाठी आहे."

"दे इकडे."

फैजपूरच्या गिऱ्हाइकाने पुढचे साचे आमच्याकडेच पाठवले. आमच्या शेडमध्ये नुसतं डावं-उजवं बोलायचं बंद झालं. हे चाल सांगू लागले आणि मला शंका आली, की मी विचारायची, "सुई का कापड?" त्यावर हे रागावल्यासारखं करून म्हणायचे, "सुई गं, सुई!" एकदा मास्तर धुळ्याहून आले आणि त्यांनी ते ऐकलं. दोघांकडे आळीपाळीने पाहून म्हणाले, "वहिनी, हाई मिलिंगनं दुकान शे का टेलरनं?"