अर्ध्या विटेचा कॅमेरा

हातात कॅमेरा न देता शूटिंग शिकवणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. खरं म्हणजे ते चित्रकलेचे सर. मुरबाडहून सकाळच्या एसटीनं यायचे, झेंडू आणि जास्वंद काढायला लावायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. पण शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या शाळेला आखातात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं व्हिडिओ कॅमेरा भेट दिला, आणि सरांचं झेंडू-जास्वंदीवरचं मन उडालं ते उडालंच. ‘व्हिडिओ निर्मिती वर्ग’ अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवली, प्रयोगशाळेमागच्या खोलीवर ठोकली, कॅमेरा कपाटात ठेवून त्याला कुलूप घातलं आणि आम्हा आठवीतल्या दहा-बारा जणांपुढे बुटांचा एक रिकामा खोका ठेवला. खोक्याला समोर एक भोक, मागे एक भोक आणि आत वजनासाठी फडक्यात गुंडाळलेली अर्धी वीट. “वरीसभर हाच आपला कॅमेरा,” सर म्हणाले. “ह्याच्यात ज्याला दिसंल, त्यालाच त्याच्यात दिसंल.” आम्हाला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

खोका खांद्यावर घेतला की सर शेजारी उभे राहून खरोखरीच्या कळवळ्यानं ओरडायचे, “अरे रे रे, हलला! आख्खी फिल्लम वाया गेली!” एकदा वर्गातल्या एका मुलानं खोका गर्रकन वळवला, तर म्हणाले, “एवढ्या जोरात मान कोण फिरवतो रे? भूत बघितलास काय?” आणि मग सगळ्या वर्गाला ओढ्याकाठी नेऊन एका म्हशीपुढे उभं केलं. आवाज झाला की म्हैस मान कशी वळवते, कुठे थांबवते आणि मग किती बेतानं परत आणते, हे आम्ही एक तासभर पाहिलं. म्हशीचा मालक घाबराघुबरा होऊन धावत आला. “मास्तर, काय झाला हिला? रोग नाय ना कसला?” सर म्हणाले, “रोग कसला, गुरू हाय ती आमची.” त्यानंतर गावात कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, तरी लोक सरांकडे बघायचे.

सरांच्या आमच्याकडून अपेक्षा तरी किती! उपाशी पोटी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, कारण उपाशी माणसाचा हात थरथरतो. म्हणून तासाच्या सुरुवातीला हजेरीऐवजी “जेवलीस काय? काय खाल्लंस?” अशी चौकशी व्हायची, आणि ‘चहा’ असं उत्तर देणाऱ्याला सरांच्या डब्यातली नाचणीची भाकरी सर्वांदेखत खावी लागायची. कॅमेऱ्याला दूरचं जवळ आणायचं बटण होतं, पण ते वापरायचं नाही. “जवळून बघायचं असंल तर जवळ जा. पाय कशाला दिलेत देवानं?” पण जवळ जाताना चप्पल काढून जायचं. माणसाचा चेहरा घेणं म्हणजे त्याच्या घरात शिरणं, असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे आमचा वर्ग काट्याकुट्यातून अनवाणी शूटिंग करायचा. आणि ‘ॲक्शन’ म्हणायला सक्त बंदी. “माणूस काय फटाका हाय, वात लावली का फुटायला?”

पण या सगळ्यावर कडी करणारा एक नियम होता. समोरचा माणूस बोलत असताना कॅमेरा खाली घ्यायचा नाही. हात तुटो, एसटी सुटो, आभाळ कोसळो. या नियमाची परीक्षा शाळेसमोरच्या चहावाल्या काकांकडे असे. काकांना आपल्या गुडघ्याच्या दुखण्याचा इतिहास सांगायची दांडगी हौस होती आणि ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. सरांनी दोघांची सोय केली. एकेका विद्यार्थ्यानं खोका खांद्यावर घेऊन काकांसमोर बसायचं आणि काका थांबेपर्यंत हलायचं नाही. काका गुडघ्यावरून कल्याणच्या डॉक्टरवर जायचे, डॉक्टरवरून मेव्हण्यावर आणि मेव्हण्यावरून पुन्हा गुडघ्यावर. माझी परीक्षा मधल्या सुट्टीत सुरू झाली आणि भूगोलाचा तास बुडवून संपली. खांदा सुजला होता. सरांनी मला पहिलं विचारलं, “मेव्हणा कुठल्या गावचा?” मी म्हटलं, “टोकावड्याचा.” सर म्हणाले, “पास!” काकांनी मला चहाही फुकट दिला.

मुख्याध्यापकांचा विषय गणित. त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे बिनमार्कांचा तमाशा वाटायचा. आम्ही नववीत गेलो तेव्हा त्यांनी सरांना बोलावून साफ सांगितलं, “पंधरा ऑगस्टला संस्थेची मंडळी येणारेत. त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी हातात द्या. नाही दिलंत तर हा वर्ग बंद, आणि तुमचे तास गणिताला.” सर ऑफिसातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या दिवशी त्यांनी आम्ही जेवलो का, हेही विचारलं नाही. आम्हा पोरांना वाटलं, वर्षभर वीट वाहून नेली ती काय गणितासाठी?

विषय ठरला शेवळांचा. जूनमध्ये रानात थोडे दिवस उगवणारी ही भाजी खाजरी असते. तिच्यात काकडं नावाच्या आंबट फळांचा रस घातला नाही, तर घसा असा खाजतो की माणूस आपल्या जन्माला दोष देतो. डोंगरातल्या वाडीवर एक आजी होती, तिच्या हातच्या शेवळांना तोड नाही असं सगळे म्हणायचे. एका रविवारी जीपनं पायथ्यापर्यंत आणि पुढे चिखल तुडवत सर आणि आम्ही चौघं वाडीवर पोचलो. खरा कॅमेरा माझ्या खांद्यावर होता. विटेपेक्षा हलका लागला. आजी नवं लुगडं नेसून बसली होती. शेवळं कुठे शोधायची, सोलताना कुठला भाग टाकायचा, हे ती छान सांगू लागली, आणि एवढ्यात माझ्या डोळ्यापुढे काळोख झाला. बॅटरी गेली. आदल्या दिवशी वीज गेली होती, त्यामुळे ती पुरती भरलीच नव्हती.

मी घाबरून सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं, ‘हलायचं नाही.’ आजी बोलत होती ना! मग चार्जर आणि बॅटरी घेऊन... छे, बॅटरी कॅमेऱ्यातच होती, ती काढणं म्हणजे कॅमेरा खाली घेणं. सर नुसता चार्जर पोटाशी धरून डोंगर उतरले, खाली गावात कुणाकडे दुसरी बॅटरी मिळते का बघायला. जणू प्रत्येक घरात फळीवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मांडूनच ठेवल्या होत्या! बाकीच्या तिघांना घेऊन गेले. मी मेलेला कॅमेरा खांद्यावर धरून आजीसमोर बसले, आणि आजी भाजीवरून आपल्या सासूवर गेली आणि कितीतरी वेळ बोलत राहिली. सर परत आले तेव्हा भाजी शिजली होती, गोष्ट संपली होती आणि टेपवर दोन मिनिटांपलीकडे काही नव्हतं.

नंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. तोवर रानातली शेवळं संपली होती. सरांनी वाटेत दहा सबबी जुळवल्या होत्या, पण आजीसमोर त्यांना एकही सांगता येईना. मान खाली घालून म्हणाले, “आजी, तवा आमचा यंत्र बंद पडला होता. काय उतरला नाय. माफी करा.”

आजी हसली. “मना ठाव होता ना. त्यावरचा तांबडा दिवा इझला, तवाच समाजला.”

“मग थांबली का नाय तू?” मी विचारलं.

“तू ऐकत होतीस ना गो. मग कशाला थांबू?”

सर मटकन ओट्यावर बसले. शेवळांशिवाय शेवळांची फिल्म कशी करायची, हे त्यांनी चाचरत विचारलं, तर आजीनं रिकामं पातेलं पुढ्यात ओढलं. “सांगायला काय शेवळां लागतात?” आणि मग तिनं नसलेली शेवळं सोलली, नसलेली काकडं ठेचली, तेलाचा चर्र आवाजसुद्धा तोंडानं काढला. मध्येच हात चाटला तेव्हा आमच्या तोंडाला पाणी सुटलं. पंधरा ऑगस्टला ती फिल्म पाहताना मुख्याध्यापक दोनदा घसा खाकरले आणि तिसऱ्यांदा पाणी प्यायले. संस्थेच्या मंडळींपैकी एकांनी फिल्म संपल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, “बाजारात मिळतील का आता?” वर्ग वाचला. सरांनी त्या दिवशी सगळ्या शाळेला भेळ वाटली आणि गणितवाल्या मुख्याध्यापकांनाही आग्रह करून दोनदा दिली.

टीव्ही, व्हीसीआर आणि भाड्याचं जनरेटर जीपनं पायथ्यापर्यंत आणि पुढे खांद्यांवरून नेऊन आम्ही ती फिल्म वाडीवरही दाखवली. सगळी वाडी खूश झाली. आजी मात्र शेवटी म्हणाली, “माझी सासू ऱ्हायली गो.” दुसऱ्या वेळी ती गोष्ट सांगायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी म्हटलं, “आजी, मला सगळी पाठ आहे.” तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. परतताना जीपमध्ये मी सरांना ती गोष्ट सांगायला लागले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. “आज नको. सगळं एका दिसात संपवू नये. शिलकीत राहू दे.” असा विक्षिप्त माणूस! पुढे दहावी आली, मग नोकरी, लग्न, आणि शिलकीतली गोष्ट तशीच राहिली.

परवा मुरबाडला सरांना भेटायला गेले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली आहेत. आजीही आता नाही. सरांनी ट्रंक उघडून दाखवली, तर सगळ्या टेपांना बुरशी लागलेली. शेवळांचीही टेप गेली होती. सर त्या टेपा उगाचच पुसत बसले. मला ते बघवेना. मी म्हटलं, “सर, सासूची गोष्ट ऐकायची राहिलीये तुमची.” ते म्हणाले, “सांग. आता काय शिलकीत ठेवायचं?”

मी सांगितली. आजी नवी नवरी होती. पहिल्यांदाच एकटीनं शेवळं रांधली आणि काकडं घालायची विसरली. सगळं घर जेवायला बसलं. सासूनं पहिला घास घेतला, आणि पातेलं आपल्याकडे ओढून म्हणाली, “आज मनाच लई भूक लागले.” इतरांना तिनं मीठ-भाकर वाढली आणि सगळी भाजी एकटीनं संपवली. दोन दिवस तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. कुणाला काही कळलं नाही, नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही. तिसऱ्या दिवशी नवरी चुलीपाशी गेली, तर तिथे ओंजळभर काकडं आणून ठेवलेली होती.

सरांनी हातातली टेप खाली ठेवली. डोळे पुसले. मग विचारलं, “सासूचा नाव काय सांगितला होता गो?”

“भिवरी,” मी म्हणाले.

“भिवरी,” सरांनी हळूच म्हटलं, आणि आत स्वयंपाकघरात असलेल्या आपल्या बायकोलाही ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं.