कौसाबाईंचा पिक्चर

कौसाबाई पिक्चर सांगायला बसल्या की आधी आमचे डबे ताब्यात घ्यायच्या. माझा तीन खणांचा डबा म्हणजे व्हिलनचा किल्ला, लोणच्याची बाटली त्याचा पहारेकरी आणि हिरवी मिरची हीरो. शेंद्र्याच्या एका कारखान्यात आम्ही सहाजणी कंत्राटी कामगार होतो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात ती मिरची किल्ल्याची भिंत चढायची आणि आमचा घास हातातच राहायचा.

बाईंचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांचं, फर्दापूरकडचं. शाळा चौथीपर्यंत. पण चेहरा झाकून दुष्टांना धडा शिकवणाऱ्या हीरोचे पिक्चर मोबाइलवर पाहून पाहून त्यांना त्यातली सगळी गोम कळली होती. "म्हातारा नोकर लई गोड बोलाया लागला की समजायचं, इंटरवलच्या आत जातो," त्या सांगायच्या. "हीरोला गोळी लागंल ती खांद्यालाच. अन् व्हिलन बोलतो म्हणून मरतो. हीरोला बांधून ठिवायचं अन् आपला समदा बेत त्यालाच सांगत बसायचं. गप गोळी घातली तर पिच्चर तिथंच खतम."

त्यांनी सांगितलेला एक पिक्चर मी मुद्दाम पाहिला. अगदीच सुमार निघाला. भिंत चढण्याचा प्रसंग दोन मिनिटांत उरकला होता. बाईंनी तो दोन दिवस पुरवला होता. मी थक्कच झाले.

मग लताला अपघात झाला. ती आमच्यात सर्वांत धाकटी. काम भराभर उरकावं म्हणून सुपरवायझरनं तिच्या मशीनची संरक्षक जाळी काढायला लावली होती. तिची दोन बोटं गेली. अहवालात मात्र लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणजे बोटं गेली ती गेलीच, वर नोकरीही जाणार. जाळी काढताना आम्ही पाचहीजणींनी पाहिलं होतं आणि पाचहीजणी गप्प बसलो. मी घाबरले होते, हे सरळ कबूल करते.

तिसऱ्या दिवशी विषय टाळायला मीच म्हणाले, "मावशी, राहिलेला पिक्चर सांगा की." भर चौकात व्हिलन एका गरिबाला चाबकानं मारतोय, इथं गोष्ट थांबली होती. बाईंनी डबे मांडले, शेंगदाणे विखरून गर्दी केली, मिरची उचलली आणि थांबल्या.

"आता हीरो येतो ना?" मी विचारलं.

"येतो की. पर ही गर्दी बघ. एवढी माणसं, अन् एकजण बी तोंड उघडत नाय. ह्यांनी तोंड उघडलं तर हीरोला कामच उरायचं नाय. म्हणून पिच्चरवाले त्यांना मुकं ठिवत्यात." त्यांनी मिरची खाली ठेवली. "तुमी जेवून घ्या. मी ऑफिसात मोठ्या साहेबाकडं जाऊन येते."

त्यांनी पाहिलं ते सांगितलं, लिहून घ्यायला लावलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटच्या आत घेतलं नाही.

त्या दुपारी डबे न उघडता आम्ही उरलेल्या चौघी ऑफिसात गेलो. "कौसाबाईंनी पाठवलं का?" साहेबांनी विचारलं. "कोणीच पाठवलं नाही," मी म्हणाले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. माझ्यामागून तिघींनी आपापलं सांगितलं, आणि जाळी काढताना पाहिलेलं लिहून देऊन चौघींनी सह्या केल्या.

अहवाल बदलला. लताची नोकरी टिकली. बाईंना मात्र परत घेतलं नाही; त्या भावाच्या मेंढरांमागं गेल्या. मी फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा पलीकडे मेंढरं ओरडत होती.

"चौघी बी गेलात व्हय?" बाई म्हणाल्या. "असला पिच्चर म्या कधी बघितला नव्हता."