पासवर्डला लावलेलं हळदकुंकू

रूपाचं नाव निघालं की कानडी मुलखातल्या आमच्या तालुका कचेरीत आजही सगळे फायलीत डोकं घालतात. घालणारच. तोंड आहे कुठं दाखवायला?

ती निर्णा गावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आमच्याकडे कंत्राटी ऑपरेटर. आमचे सहा जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते. तिनं त्यांवर लिनक्स घातलं. फुकट मिळणारी आणि कुणालाही आतून तपासता येणारी सिस्टीम. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, डिस्कला कुलूप, कोणी कधी काय उघडलं त्याची नोंद. सरकारी सुरक्षेच्या नऊ अटींची कानडी यादी भिंतीवर डकवून तिनं वर्षभर एकेक अट पुरी केली. आत विधवांच्या पेन्शनची माहिती होती. "माझ्या मायसारख्यांची नावं हायती ही," म्हणायची. तपासणीत पास झालो तर कॉम्प्युटर राहणार होते आणि तिची नोकरीही.

दसऱ्यासाठी ती आधीच गावी गेली. खंडेनवमीला, हत्यारं-अवजारं पुजायच्या दिवशी, आम्ही कॉम्प्युटर पुसून विभूती लावली. हेडक्लार्क गुंडेराव म्हणाले, "बंद मशीनची कसली पूजा? आरतीला समदे पडदे उजळले पायजेत." निम्मे लोक सुट्टीवर निघाले होते. मागं राहिलेल्यांना सगळे पडदे उघडता यावेत म्हणून प्रत्येकानं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला. मीही. चिठ्ठ्यांनाही हळदकुंकू लागलं. पूजेचा कागद केरात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. आणि पाण्यापर्यंत जायला सवड कुणाला? राहिल्या तशाच.

सुट्टी संपली त्याच सकाळी तपासणीचे साहेब आले. रूपा बसमधून उतरून पोचली तोवर त्यांनी तिच्या नोंदी बघून नऊही अटींवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. मग कॉम्प्युटरकडे वळल्यावर चिठ्ठ्या दिसल्या. साहेब हसले आणि शेरा लिहिला: फुकटची सिस्टीम, सुरक्षित नाही.

रूपा पेटली. "कामून लिवलाव असं? नऊच्या नऊ खुणा तुमीच केलाव न्हवं? कुलूप कुठं तुटलंय? किल्ली दाराला टांगणाऱ्याला काहीच बोलायला न्हाईत तुमी!"

"बाई, चांगली असती तर फुकट कामून दिली असती?"

"मग चिठ्ठ्यांचं लिवा. कुणी लावल्या ते लिवा." ती आमच्याकडे वळली. "गुंडेरावअण्णा, सांगा की!"

गुंडेराव पंख्याकडे बघत राहिले. आम्ही बाकीच्या पाच जणांनी फायली उघडल्या. मला तेव्हा फक्त माझी नोकरी दिसत होती. रूपानं एकेक चिठ्ठी उपटली, माझी माझ्या टेबलावर आपटली आणि गेली. महिन्याभरात तिचं कंत्राट संपवलं.

आता महागडे कॉम्प्युटर आलेत. पहिल्याच दिवशी गुंडेरावांनी नारळ फोडला, माझ्या हातात कोरी चिठ्ठी कोंबली आणि म्हणाले, "लिव लवकर, आरती व्हायलीय." भिंतीवर रूपाची यादी अजून होती. चिठ्ठी त्यांच्या तोंडावर फेकावी इतका संताप आला, हात उचललाही.

त्याच हातानं मी पासवर्ड लिहिला आणि पडद्याला चिकटवला.