मुकी बारी

आता कसं सांगावं, माझं मलाच कळत नाही. पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका. फक्त लालबागच्या नाक्यापलीकडे हे जाता कामा नये.

मी डबलबारीचा बुवा. एका मंचावर दोन भजनी मंडळं, आळीपाळीने आपापली बारी गायची आणि गाता गाता समोरच्याचं उणं काढायचं. या खेपेला माझ्यासमोर होता घोडपदेवचा भिवाबुवा. हा माझ्या सुनेचा, रेश्माचा, सख्खा मामा. यावरून काय ते समजा.

त्याच्या मंडळाने शूटिंगला कॅमेरा आणला होता. मी म्हटलं, तुमचं तुम्ही घ्या. समोरच्याच्या कॅमेऱ्यात माझं काय होईल, कोणी सांगावं? मी आपला स्वतःचा फोन पेटीसमोर उभा केला आणि गायलो.

दोन्ही बाऱ्या जोडून एक फिल्म करायचं काम रेश्माकडे आलं. तिचा धंदाच तो. रविवारी चाळीच्या हॉलमध्ये सगळ्या गाववाल्यांना दाखवायची होती. सरस कोण, ते तिथे ठरणार.

तिने मला बोलावलं. पडद्यावर मामा गातोय, खणखणीत. मग मी आलो. हात उडतायत, मान डोलतेय, तोंड उघडतंय, मिटतंय. आवाज नाही. टोपलीतला मासा बरा.

"माझा आवाज कुठे गेला?"

"तेच शोधतेय, बाबा."

"मामाचा बरा सापडला."

"बाबा, माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो."

"कोणावर?"

"लिनक्स. विंडोज असतं ना, तसंच दुसरं. त्यावर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या फोनचं चित्र घेतं, आवाज घेत नाही. मामांच्या कॅमेऱ्यातला आवाज वेगळ्या प्रकारचा आहे, तो चालतो."

मी गिरणीत आयुष्य काढलं. यंत्र बिघडलं की सगळ्यांसाठी बिघडतं. फक्त सासऱ्यापुरतं बिघडणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंय?

तिने स्पीकर तपासला. आवाज वर केला, खाली केला. फाइल काढून पुन्हा टाकली. मी मागे खुर्ची टाकून बसलो, नजर तिच्या बोटांवर.

"फोनमध्ये ऐकू येतंय ना, बाबा?"

"सुरुवात ऐकली, येतंय. म्हणून तर विचारतोय, इथे आल्यावर कोणी गिळला?"

सौभाग्यवती आतून म्हणाली, "अहो, पोरीला काम करू द्या."

मी ऐकलं नाही. भिवाबुवाला फोन लावला. म्हटलं, "असशील तसा ये. भाचीचे प्रताप बघ."

तो आला. टोपी नीट करून बसला. एक शब्द बोलला नाही. माझा संशय आणखी पक्का झाला. निर्दोष माणूस इतका गप्प बसतो का?

तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "झालं. तुमचा आवाज ह्याला चालेल अशा प्रकारात बदलून घेतला. ऐका."

आणि मी गायला लागलो. काय आवाज होता. भिंत हलली म्हणा.

"मोठा कर," मी म्हटलं. "अजून. मामाला नीट ऐकू दे."

माझी बारी संपली. मी ताठ मानेने भिवाबुवाकडे बघितलं. पण फोन बंद करायचं त्या दिवशी माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. फिल्म पुढे चालू. लांबून भिवाबुवाचं गाणं येतंय आणि अगदी जवळून माझा आवाज, पखवाजवाल्या पांडूच्या कानाशी:

"पांडू, आज काय खरा नाय. ह्यो माझ्यापेक्षा बरो गाता. कोणाक सांगू नको हां."

मी वर पंख्याकडे बघायला लागलो.

भिवाबुवाने घसा साफ केला. "रेश्मा, एकदा परत लाव गो."

मी म्हटलं, "ते काप."

"कापते, बाबा. पण मामांनी ऐकलं ते कापायची सोय ह्यात नाही."

रविवारी फिल्म झाली. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. पण पुढच्या बारीला भिवाबुवा यावर गाणं रचून माझ्यासमोर म्हणणार, हे ठरलेलं. त्याचंही मला काही नाही.

मेला म्हणणार चांगलं, तेवढंच दुःख आहे.